मीटरचं रीडिंग म्हणजे आवड नव्हे

डिसेंबरचा पहिला आठवडा आला की ओळखीपाळखीच्या निम्म्या लोकांच्या स्टेटसवर भडक रंगांची कार्डं झळकायला लागतात. यंदा अमुक हजार मिनिटं ऐकलं, अमुक गायकाच्या वरच्या एक टक्का श्रोत्यांत माझा नंबर लागला, सर्वाधिक ऐकलेली पाच गाणी ही. खाली बदामांचा पाऊस. 'स्पॉटिफाय रॅप्ड' हे या प्रकाराचं नाव. रॅप्ड म्हणजे गुंडाळलेलं. मराठीत 'गुंडाळणे' या क्रियापदाला आणखीही एक अर्थ आहे, आणि तो इथे जास्त चपखल बसतो.

कुणी वर्षअखेरीला आपल्या विजेच्या बिलाचा फोटो स्टेटसवर लावत नाही. 'यंदा माझे सर्वाधिक युनिट गीझरने खाल्ले, त्याखालोखाल फ्रिजने' असं कुणी मिरवत नाही, आणि त्यावरून 'मला गीझर फार आवडतो' असा निष्कर्षही काढत नाही. संगीताच्या बाबतीत मात्र आपण नेमकं हेच करायला लागलोय. मीटरचं रीडिंग आलं की त्यालाच आवड म्हणायचं. याने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी हा लेख आहे. बरंच काही बिघडतं, असं माझं मत आहे.

आधी मीटर कसं चालतं ते बघू. गाणं तीस सेकंद वाजलं की एक 'स्ट्रीम' मोजला जातो. तुम्ही कान देऊन ऐकलं, की कांदा चिरताना ते मागे वाजत होतं, की तुम्ही झोपी गेल्यावर यंत्राने आपल्या मनाने पुढचं आणि त्याच्या पुढचं लावलं, याच्याशी मीटरला देणंघेणं नाही. घरात तीन वर्षांचं मूल असेल तर तुमचा वर्षाचा लाडका कलाकार कुठल्या तरी बडबडगीतांच्या चॅनेलवाला निघतो. झोप येत नाही म्हणून पावसाचा आवाज लावणाऱ्यांच्या यादीत पाऊस पहिला येतो. लोक हे हसत हसत शेअर करतात, 'बघा माझं काय झालंय' म्हणून. हसतात म्हणजे त्यांनाही ठाऊक असतं की ही आपली यादी नाही. तरी शेअर करतातच.

त्यात दरवर्षी नवा खेळ असतो. २०२३मध्ये तुमच्या ऐकण्यावरून जगातलं 'तुमचं' शहर सांगितलं होतं, आणि असंख्य लोकांना अमेरिकेतलं व्हरमाँटमधलं बर्लिंग्टन हेच गाव मिळालं. २०२४मध्ये तुमच्या एकेका महिन्याला विचित्र शब्दांची जुळणी करून नावं दिली. २०२५मध्ये तुमचं 'ऐकण्याचं वय' काढलं. जत्रेतल्या पोपटवाल्याचा धंदा हाच आहे. फरक एवढाच, की पोपटवाला चिठ्ठी तुमच्या हातात देतो आणि पैसे घेतो. इथे चिठ्ठी घेऊन तुम्हीच गावभर फिरता आणि कंपनीची जाहिरात फुकट करता.

आणि हे सगळं डिसेंबरच्या सुरुवातीला. म्हणजे मोजणी त्याच्या आधीच थांबलेली असते आणि नवी मोजणी जानेवारीत सुरू होते. मधले आठवडे कुठल्याच वर्षाचे नाहीत. २०२४चं कार्ड ४ डिसेंबरला आलं. १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले. पुढचे पंधरा दिवस तबला किती घरांत वाजला असेल याची कल्पना करा. कुणी शिवकुमारांबरोबरच्या जुन्या मैफली काढल्या, कुणी 'शक्ती' काढलं. मी १९८७चा 'मेकिंग म्युझिक' दोन रात्री ओळीने ऐकला. हरिप्रसाद, मॅकलॉफ्लिन आणि यान गार्बारेक यांच्यासोबत झाकीरभाईंनी तो केला होता. त्या वर्षातलं माझं सगळ्यात मन लावून केलेलं ऐकणं ते होतं. ते २०२४च्या कार्डात नाही आणि २०२५च्या कार्डातही नाही. मीटरवाल्याच्या हिशेबी त्या रात्री झाल्याच नाहीत.

आता दुसरी बाजू सांगतो. आम्ही सात-आठ जण आहोत. पुण्यातले चार, एक नाशिकला, एक बंगळुरूला, एक न्यू जर्सीला. मधूनमधून एखादा गळतो, एखादा येतो. २००६पासून आम्ही दर ३१ डिसेंबरपर्यंत एकमेकांना दहा अल्बमांची यादी पाठवतो. नियम थोडे आहेत. अल्बम त्या वर्षात निघालेला हवा. सबंध ऐकलेला हवा, तोही एकाहून अधिक वेळा. आणि प्रत्येकापुढे निदान दोन वाक्यं हवीत, ज्यांत 'अप्रतिम' हा शब्द नको. हा शेवटचा नियम सगळ्यात अवघड जातो.

गुणांची पद्धत आम्ही न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाकडून उचलली. रॉबर्ट क्रिस्टगाऊ या समीक्षकाने १९७१मध्ये तिथे 'पॅझ अँड जॉप' नावाची समीक्षकांची मतचाचणी सुरू केली आणि सत्तरीच्या मध्यापासून ती दरवर्षी व्हायला लागली. प्रत्येकाने दहा अल्बम निवडायचे आणि शंभर गुण त्यांच्यात वाटायचे. कुठल्याही एका अल्बमला तीसपेक्षा जास्त द्यायचे नाहीत, पाचपेक्षा कमी द्यायचे नाहीत. वरवर हा किरकोळ हिशेब वाटतो, पण एकदा करून बघा. शंभर गुण म्हणजे महिन्याचा पगार हातात असावा तसं असतं. एकाला तीस दिले की बाकीच्यांच्या तोंडचा घास गेला. सगळ्यांना दहा-दहा दिले तर तुम्ही भेकड. पहिल्या वर्षी मी रात्री दीडपर्यंत तीन गुण इकडून तिकडे करत बसलो होतो, आणि तेवढ्या वेळात त्या अल्बमांबद्दल मला जे कळलं ते वर्षभर ऐकून कळलं नव्हतं. एखादा अल्बम आपल्याला आवडला आहे की आवडायला हवा म्हणून आवडला आहे, हे गुण कापायची वेळ आली की कळतं.

२०२१ सालची गोष्ट. आमच्यातल्या एका मैत्रिणीने आरूज आफताबच्या 'व्हल्चर प्रिन्स'ला तीस गुण दिले. आरूज मूळची पाकिस्तानची, न्यूयॉर्कमध्ये राहणारी. हा अल्बम तिने आपल्या गेलेल्या धाकट्या भावाला अर्पण केला आहे. उर्दू शब्द, वीणेसारखा झिरपणारा हार्प, तालवाद्य जवळजवळ नाहीच. मैत्रिणीने पुढे लिहिलं होतं, 'दोनदाच ऐकला. तिसऱ्यांदा ऐकायचं धाडस झालं नाही. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मी दादाला फोन केला.' तिचं तिच्या भावाशी काही वर्षं बोलणं नव्हतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही विचारलं नाही.

दोनदा म्हणजे फार तर दीड तास. वर्षाच्या वीस हजार मिनिटांत दीड तास मीटरला दिसतसुद्धा नाही. त्या वर्षी तिच्या कार्डात पहिला कोण होता हेही मला माहीत आहे, कारण ते तिने गंमत म्हणून सोबत जोडलं होतं: व्यायामाच्या वेळी लावायची धडधड गाणी करणारा कुणी एक डीजे. माझा सगळा वाद या दोन ओळींमध्ये मावतो. जे आपल्याला खोलवर लागतं ते आपण रोज ऐकू शकत नाही. जे रोज ऐकू शकतो ते बहुतेकदा लागत नाही, म्हणूनच रोज ऐकू शकतो. आमीर खाँसाहेबांचा दरबारी रोज सकाळी चहाबरोबर लावणारा माणूस मला भेटलेला नाही. भेटला तर मी त्याच्यापासून जरा जपूनच राहीन.

खाँसाहेबांचं नाव आलंच आहे तर अल्बमविषयी बोलतो. 'दहा अल्बमच का, दहा गाणी का नकोत?' असा प्रश्न आमच्याकडेही दर दोन वर्षांनी निघतो. १९४८मध्ये कोलंबियाने एलपी बाजारात आणली तोवर तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. ख्यालासारख्या गोष्टीचे त्यात काय हाल होत असतील ते ज्यांनी जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या ऐकल्यात त्यांना ठाऊक आहे. गवयाने जेमतेम पाय पसरावेत आणि गाडी सुटावी. एलपीने एका बाजूला वीसेक मिनिटं दिली. १९६०मध्ये एचएमव्हीने खाँसाहेबांची एलपी काढली. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. एक सूर्यास्ताचा, एक मध्यरात्रीचा. मधे उठून तबकडी उलटायची. ते उठणंही त्या ऐकण्याचा भाग होतं, दोन प्रहरांमधलं अंतर तुम्हाला चालून जावं लागे. हे कुणीतरी ठरवून केलं होतं की निव्वळ सोय म्हणून झालं, माहीत नाही. पण ज्यांनी ती तबकडी घासून घासून ऐकली, त्यांच्या डोक्यात मारव्यानंतरची शांतता आणि मग दरबारीचा पहिला षड्ज हे एकत्रच नोंदलेलं आहे. आज तेच ध्वनिमुद्रण अॅपवर दोन सुट्या 'ट्रॅक'सारखं मिळतं, आणि मारवा संपल्यावर यंत्र तुम्हाला काय ऐकवेल याची मी हमी देत नाही.

म्हणजे अल्बम ही कुणीतरी जबाबदारी घेऊन केलेली रचना असते. हे आधी, ते नंतर, हे नकोच. अॅडेलला हे इतकं महत्त्वाचं वाटलं की २०२१मध्ये तिचा '३०' आला तेव्हा तिच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं आपोआप क्रम विस्कटणारं बटण काढून टाकलं. एवढ्या मोठ्या गायिकेला एवढं साधं मागून घ्यावं लागलं, यातच सगळं आलं. उद्योगाच्या हिशेबात अल्बम कधीच सुटा झालाय. २०१४च्या अखेरीपासून बिलबोर्डच्या तक्त्यात, सुरुवातीला तरी, पंधराशे स्ट्रीम म्हणजे एक अल्बम विकला गेला असं धरायला लागले. मग एकच गाणं पुन्हापुन्हा वाजलं तरी 'अल्बम' खपतो. बाकीची अकरा गाणी कुणी ऐकलीच नाहीत तरी चालतं. आता रॅप्डच्या कार्डावरही 'तुमचे अल्बम' येतात. येऊ देत. मोजणीची वस्तू बदलली म्हणून मोजणीची निवड होत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. एक म्हणजे, कलेत कसले नंबर लावता? खरं आहे, नंबर हास्यास्पद असतात. सातवा अल्बम आठव्यापेक्षा सरस कसा हे जगातला कुणीही सिद्ध करू शकत नाही. पण यादीतला नंबर हा निकाल नसतो, भांडणाचं आमंत्रण असतं. 'तू याला चौदा गुण दिलेस? याला?' इथून जे सुरू होतं त्यासाठी यादी असते. कार्डाशी कुणी भांडू शकत नाही, कारण ते खरंच असतं. तू अमुक हजार मिनिटं ऐकलंस, ऐकलंस. त्यावर बोलण्यासारखं उरतं काय? बदाम टाकायचा आणि पुढे सरकायचं. चूक ठरू शकत नाही अशा गोष्टीला मी मत म्हणायला तयार नाही.

दुसरा आक्षेप शिष्टपणाचा. दहा अल्बमांची यादी करणारे म्हणजे अतिशहाणे, कुणी न ऐकलेली आइसलँडची नावं फेकणारे. असतात असे लोक, आणि त्यांचा मलाही वैताग येतो. 'यंदा मी चारशे अल्बम ऐकले' असं सांगणारा एक जण दर डिसेंबरात कुठे ना कुठे भेटतोच. चारशे अल्बम, चाळीस मिनिटांचा एक धरला तरी दोनशे साठहून अधिक तास झाले, आणि तेही प्रत्येक एकदाच. हा गडी मीटरचाच भक्त आहे, फक्त मीटर त्याने घरी बसवलंय. दुसरी जात म्हणजे मोठ्या नियतकालिकांच्या याद्या समोर ठेवून आपली यादी जुळवणारे. ती नियतकालिकं आपल्या याद्या नोव्हेंबरातच उरकतात, कारण खरेदीचा हंगाम. त्याचं हसं कसं होतं बघा: २०१३मध्ये याद्या छापून झाल्या आणि १३ डिसेंबरला बियॉन्सेने काहीही न सांगता सबंध अल्बम आणून ठेवला. पुढच्या वर्षी १५ डिसेंबरला डी'अँजेलोचा 'ब्लॅक मेसाया' आला, चौदा वर्षांच्या खंडानंतर. त्या वर्षातले सगळ्यात चर्चेचे म्हणावेत असे अल्बम वर्षाच्या याद्यांत नव्हते. आमच्या न्यू जर्सीवाल्याने ३० डिसेंबरला यादी पूर्ण मोडून पुन्हा केली आणि बियॉन्सेला बावीस गुण दिले. हौशी माणसाची चैन ती हीच, त्याला दुकान उघडायचं नसतं.

इथवर जे लिहिलं ते वाचून मराठी रसिक मान डोलावेल. 'अगदी बरोबर, यंत्राला काय कळतंय' म्हणेल. तर आता थोडं त्याच्याशी.

मराठी रसिकाला त्याची यादी विचारा. विचारायची गरजच नाही, मला पाठ आहे. 'गीतरामायण', 'शिव कल्याण राजा', भीमसेनजींची अभंगवाणी, किशोरीताईंचा भूप, कुमारांची निर्गुणी भजनं. वयाने जरा लहान असेल तर 'गारवा', आणखी लहान असेल तर 'आयुष्यावर बोलू काही'. यातल्या एकाही नावाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की यादी मागच्या वर्षीही हीच होती आणि पुढच्या वर्षीही हीच असेल. 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं आणि दर आठवड्याला एक नवीन गाणं, असं सबंध वर्ष चाललं. त्या श्रोत्यांची थोरवी काय होती? त्यांनी छप्पन्न आठवडे *नवीन* गाणं ऐकलं. पुढच्या शुक्रवारी काय येणार हे त्यांना माहीत नव्हतं. आज त्यांचा वारसा सांगणाऱ्याला पुढचं काय येणार हे माहीत नसलं की घाबरायला होतं.

जॉन पील हा बीबीसी रेडिओ वनचा निवेदक. १९७६पासून नाताळाच्या सुमारास तो श्रोत्यांच्या मतांवरून 'फेस्टिव्ह फिफ्टी' नावाची पन्नास गाण्यांची यादी वाजवायचा. सुरुवातीला नियम असा, की कुठल्याही काळातलं गाणं चालेल. मग व्हायचं तेच झालं. १९७८, ७९ आणि ८० अशी तीन वर्षं ओळीने सेक्स पिस्टल्सचं 'अनार्की इन द यूके' पहिलं आलं. बंडखोरीचं म्हणून गाजलेलं गाणं, आणि श्रोते त्याला दरवर्षी पूजेला बसवायला लागले! १९८२पासून त्या-त्या वर्षीच्या गाण्यांची यादी सुरू झाली, आणि फेस्टिव्ह फिफ्टी म्हटलं की पुढे तीच. 'यंदाचं' ही अट वरवर जाचक दिसते. पण तिने श्रोत्याला मेलेल्यांच्या रांगेतून उठवून जिवंतांच्या दुकानात पाठवलं.

आपल्याकडे मुळात हे होतं. 'आपली आवड' आठवत असेल. पोस्टकार्डावर फर्माईश पाठवायची आणि निवेदिका गाण्याआधी नावांची माळ वाचायची, गावासकट. गाणं तीन मिनिटांचं आणि नावं कधी कधी त्याहून लांब. लोक त्या नावांची चेष्टा करायचे. मला मात्र त्यात फार मोठी गोष्ट दिसते. आवड ही सही करून सांगायची गोष्ट होती. मी, अमुक तालुक्यातला, माझं हे गाणं. निनावी बेरीज नव्हती.

तर यंदाचं मराठी काय ऐकलं, असा प्रश्न केला की उत्तर येतं, 'आता तसं काही होतच नाही हो.' हे वाक्य उच्चारणाऱ्याने शेवटचं अनोळखी नाव कधी लावून बघितलं होतं? २०१६मध्ये 'सैराट' आला. चारच गाणी, पण पार्श्वसंगीतासकट लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंद बसवून केलेली. त्या वर्षी मीटरने आणि माणसाने एकच उत्तर दिलं, असं क्वचित घडतं. आमच्या यादीत चार गाण्यांना अल्बम म्हणायचं का यावर आठवडाभर भांडण झालं आणि शेवटी म्हणायचं ठरलं. पण 'सैराट' आपोआपच कानावर आला, मांडवातून, रिक्षातून. जे असं येत नाही त्याचं काय? मुंबईच्या 'स्वदेशी' या पोरांनी २०१९मध्ये आरेच्या आदिवासींवर प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं, पुढच्या वर्षी 'चेतावनी' हा अल्बम आणला. मराठी लोकपरंपरेचं आणि रॅपचं नातं काय असू शकतं यावर परिसंवाद भरवणाऱ्या किती जणांनी तो सबंध ऐकला? पुण्याच्या ताडीवाला रोडच्या एमसी स्टॅनचा 'तडीपार' २०२०मध्ये आला. भाषा हिंदी, पण ऐट आणि शिव्या इथल्या. त्यातलं निम्मं मला सहन होत नाही, बायकांविषयीचं तर अजिबातच नाही, आणि मी त्याला आठच गुण दिले होते. पण ऐकून दिले होते. सदाशिव पेठेला त्याचं नाव २०२३मध्ये कळलं, तेही तो 'बिग बॉस' जिंकला म्हणून.

यात नुसत्या अभिरुचीचा प्रश्न असता तर एवढी शाई मी खर्च केली नसती. २०२४पासून स्पॉटिफायचा नियम असा आहे, की एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम मिळाले नाहीत तर त्या गाण्याचे पैसे कलाकाराला मिळणारच नाहीत. थोडे मिळतील असं नाही, शून्य. ती रक्कम जास्त ऐकल्या जाणाऱ्यांच्या वाट्यात जाते. म्हणजे सांगली-सोलापूरच्या एखाद्या मुलीने आठ गाण्यांचा अल्बम पदरमोड करून काढला आणि प्रत्येक गाण्याला नऊशे नव्व्याण्णव स्ट्रीम मिळाले, तर तिची कमाई भोपळा, आणि तिला ऐकणाऱ्यांनी भरलेल्या वर्गणीतला तिचा वाटा अशा कुणाला तरी जाणार ज्याला त्याची गरज नाही. मोजणी ही निरुपद्रवी गंमत नव्हे असं मी म्हणतो ते म्हणून. डिसेंबरचं कार्ड ज्या वहीतून येतं, त्याच वहीतून हा भोपळाही येतो.

आणि हजार हा आकडा किती छोटा आहे पाहा. पन्नास माणसांनी वर्षभरात वीस-वीस वेळा ऐकलं की झाला. पन्नास माणसं म्हणजे एका गृहसंस्थेच्या कोजागिरीला जमतात त्याहून कमी. पन्नास माणसांना एखादा अल्बम ऐकायला लावण्याचा मला माहीत असलेला एकच खात्रीचा उपाय म्हणजे ज्याच्या कानावर त्यांचा विश्वास आहे अशा कुणीतरी सही करून सांगणं, की हा ऐक, चौथ्या गाण्यापर्यंत धीर धर, कारण असं असं आहे. 'ऐकणाऱ्यांनी हेही ऐकलं' असं सांगणारं यंत्र ते करत नाही. ते जे वाहतंय त्याच दिशेला आणखी पाणी सोडतं.

ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांनी अल्बम विकत घ्यावा हे तर आहेच. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी तुमच्या पैशांतला मोठा भाग थेट कलाकाराला जातो. पण ते पुढचं. विकत घेण्याआधी नाव कळायला हवं.

आमच्या गटात मी दोन वर्षांपूर्वी एक नियम घुसवला. दहांतला एक अल्बम मराठी हवा, आणि त्याच वर्षीचा. फार आरडाओरडा झाला. सक्तीने आवड होते का, ही शिष्यवृत्ती आहे का, वगैरे. पहिल्या वर्षी दोघांनी नऊच अल्बम पाठवले, दहावी ओळ रिकामी ठेवून. बंगळुरूवाल्याने गुणही नव्वदच वाटले होते, आणि रिकाम्या ओळीपुढे लिहिलं होतं, 'शोधतोय, दहा राखून ठेवलेत.' फेब्रुवारीच्या शेवटी त्याचा मेल आला. बेळगावकडच्या एका पोराने घरीच ध्वनिमुद्रित केलेली सहा गाणी, सहापैकी दोन फसलेली, असं त्याने स्वतःच लिहिलं होतं. दुव्याखाली एकच ओळ: 'दहा नाही, सात देतो. उरलेले तीन कुणाला द्यायचे ते पुढच्या आठवड्यात बोलू.'